मास्तरांची लाइन

"बाई, तुमच्या भिंतीले एक भोक पाडाचं आहे."

आमच्या घरमालकांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. आम्ही धरमपेठेतल्या त्या घरात बिऱ्हाड मांडायला आलो होतो आणि अजून ट्रंकासुद्धा उघडल्या नव्हत्या. आम्ही म्हणजे मी आणि आई. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, मला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची नोकरी लागली होती, आणि मागच्या अंगाच्या या दोन खोल्या शाळेपासून पायी अंतरावर होत्या. दारात एक उंच, काटकुळा माणूस उभा. अंगात बंडी, कानावर पेन्सिल, हातात मोजपट्टी. भिंतीवर छातीच्या उंचीला त्याने फुलीसुद्धा मारून टाकली होती.

"केवढं भोक?" मी विचारलं.

"एक वीत रुंद, एक वीत उंच. गाडी जाईल एवढं."

मला काही कळेना. तेवढ्यात पलीकडून, स्वयंपाकघरातून, त्यांच्या बायकोचा खणखणीत आवाज आला, "बाई, नाई म्हणा! पहिल्या दिवशी नाई म्हटलं तरच चालते. मंग नाई चालत!"

नाही म्हणणं मला जमलं नाही. चार वाजेपर्यंत भोक पडलं होतं. त्यातून पलीकडची खोली दिसत होती, आणि त्या खोलीच्या भिंतीच्या कडेकडेने जाणारी, सागवानी फळीवर बसवलेली, इवल्याइवल्या रुळांची एक लाइन माझ्याकडे बघत थांबली होती.

सगळी धरमपेठ त्यांना मास्तर म्हणायची. नवीन माणसाला वाटे, शाळामास्तर असतील. पण ते निवृत्त स्टेशनमास्तर. उमरेडकडच्या कोष्ट्याचं घर त्यांचं; वडील, काका, दोघे भाऊ, सगळे मागावर. एकट्या या मुलाने माग सोडला आणि छोट्या लाइनवर नोकरी धरली. आमच्याकडे छोटी लाइन म्हणजे ती अरुंद रुळांची, जंगलातून, शेतांतून रमतगमत जाणारी गाडी. माग सुटला तरी मागाची बोटं सुटली नव्हती. हाताला जे लागेल ते, मग ती फळी असो, पत्रा असो की माझ्या शाळेतल्या नकाशाचा कागद, ते अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून बघत. लांबी कधी इंचात सांगत नसत. बोट, वीत, हात. मोजपट्टी जवळ असे ती दुसऱ्यांची खात्री पटवायला.

त्या गाडीतली एकही वस्तू विकत आणलेली नव्हती. कापसाच्या गाठींना आवळायला लोखंडी पट्ट्या असतात, त्या कापून, घासून, उभ्या बसवून त्यांनी रूळ केले होते. खालची लाकडं सुताराकडच्या सागवानी तुकड्यांची. डबे बिस्किटांच्या पत्र्याचे. इंजिनाच्या पोटात एका गजराच्या घड्याळाची कमान होती. चावी दिली की ते साधारण दोन खोल्या ओलांडी आणि दमून थांबे. म्हणून दर दोन खोल्यांमागे एक स्टेशन, आणि प्रत्येक स्टेशनावर चावी द्यायला एक माणूस हवा. ही गोष्ट मला आठवडाभराने कळली. म्हणजे आम्हाला जागा देताना मास्तरांनी आमची चौकशी का केली नव्हती, हेही कळलं. त्यांना भाडेकरू नको होते. कर्मचारी हवे होते.

गाडीच्या वेळा दोन. सकाळी सात-दहा आणि संध्याकाळी पाच-चाळीस. सातला पाच कमी असताना मास्तर बंडीवर काळा कोट चढवीत, बटणं गळ्यापर्यंत लावीत आणि पुढच्या खोलीतल्या मुख्य स्टेशनावर उभे राहत. दारावर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोले पडत. त्यानंतर कोणी लाइन ओलांडायची नाही. एकदा काकूंच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, माहेरचे पाहुणे हातात चहाची बशी घेऊन लाइनीखालून वाकून जायला लागले, तर मास्तर म्हणाले, "फाटक बंद आहे." पाहुणे बशी घेऊन तसेच वाकलेले राहिले. गाडी गेल्यावर सरळ झाले, तोवर चहा गार.

काकू या सगळ्याच्या विरुद्ध होत्या आणि ते कधी लपवत नसत. "लोकायले दारूचा नाद राहते, बाया-बापड्या रडतात तरी," त्या आईला सांगत. "मी कोणाले सांगू वं ताई? नवरा गाडी-गाडी खेळते म्हणून?" त्यांनी दोन जागा राखल्या होत्या, देवघर आणि स्वयंपाकघर. त्या दोन जागी लाइन जाणार नाही. मास्तरांनी चार-पाच वेळा नकाशे काढून दाखवले. स्वयंपाकघरातून नेलं तर वळण कसं सुरेख बसतं ते समजावलं. काकूंनी पोळपाट बाजूला न करता ऐकलं आणि म्हटलं, "वळण घ्या नाई तं उडी मारा. चुलीजवळ गाडी येणार नाई." ती गाडी चुलीजवळ कधीच गेली नाही. मास्तरांच्या हट्टाला त्या घरात एकच तोडीस तोड हट्ट होता.

आमच्या खोलीतलं स्टेशन तयार झालं त्या दिवशी मास्तर कोट घालून आले. आई कोपऱ्यात बसली होती. वडील गेल्यापासून ती तशी बसूनच असे. जेवण वाढलं तर जेवायची, विचारलं तर बोलायची. शेजारीपाजारी जाणं नाही, देवळात जाणं नाही. मास्तरांनी हातातली कोरी पाटी तिच्यासमोर धरली.

"ताई, टेसनाचं नाव सांगा."

आई म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं. तुम्हीच द्या."

"माझ्या मनानं मी नाव देत नसतो. ज्याची खोली त्याचं नाव. तुमचं माहेर कोणतं?"

आईने कोऱ्या पाटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पिंपळखुटा. पण तिथे गाडी जात नाही हो. कधीच गेली नाही. आम्ही बैलगाडीने जायचो."

"आजपासून जाऊन राहिली," मास्तर म्हणाले, आणि खाली बसून ब्रशाने नाव लिहायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात-दहाची गाडी आमच्या भोकातून कुरकुरत आली आणि पाटीसमोर येऊन थांबली. मला शाळेची घाई होती. मी वेणी घालता घालता चावी द्यायला वळले तर आई आधीच उठून उभी होती. तिने पदर खोचला, इंजिन उचललं, चावी पिळली आणि रुळांवर नीट ठेवलं. गाडी पुढे गेली. आई तिच्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून पिंपळखुट्याचं स्टेशन तिने चालवलं. सातच्या आत तिची अंघोळ, पूजा सगळं उरकलेलं असे. मी डॉक्टरांचं ऐकून तिला वर्षभर टॉनिकं पाजली होती, त्यांनी जे झालं नाही ते त्या चावीने केलं. हे मी मास्तरांना कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर त्यांनी आमच्या दुसऱ्या खोलीतही एक भोक पाडलं असतं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी विचारलं, "काय मास्तर, झाली का लाइन पुरी?" की ते म्हणत, "पुरी झाली ते लाइन नाई. ते लोखंड." घरात भिंत उरली नव्हती तरी ते काहीतरी मोजत असत. जेवताना पानावरच बोटाने वळणं काढत. मध्यप्रदेशाची राजधानी नागपुरातून गेली त्या साली सारं गाव सुतकात असल्यासारखं होतं. कचेऱ्यांच्या फायली पेट्यांत भरल्या जात होत्या, आमच्या शाळेतल्या निम्म्या मुली बदली झालेल्या बापांबरोबर भोपाळला नाहीतर मुंबईला चालल्या होत्या. मास्तरांच्या बाजूच्या दोन खोल्यांत सचिवालयातले एक हेडक्लार्क राहत, तेही निघाले. त्यांचा टांगा कोपऱ्यावर वळला, काकूंनी पदराने डोळे टिपले, आणि मागे वळून बघतात तर मास्तर रिकाम्या खोलीत भिंतीला मोजपट्टी लावून उभे.

"गाव रडून राहिलं," काकू कडाडल्या, "अन् तुम्ही भिंती मोजून राहिले?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "गाव रडते ते राजधानी गेली म्हणून. भिंती कुठी गेल्या?"

त्या दोन खोल्या पुन्हा कधी भाड्याने दिल्या गेल्या नाहीत.

मी भूगोलाची शिक्षिका, मला एक गोष्ट खटकत असे. खऱ्या लाइनीच्या शेवटी मातीचा ढिगारा नाहीतर लोखंडी अडसर असतो. मास्तरांच्या लाइनीला तो कुठेच नव्हता. जिथे काम थांबलेलं असे तिथे रूळ नुसते उघडे सोडलेले असत. एकदा तर इंजिन तसंच पुढे जाऊन खाली पडलं आणि त्याची चिमणी वाकली. मी म्हटलं, "मास्तर, टोकाला एक अडसर का नाही लावत?"

ते चिमणी ठोकत होते. ठोकताठोकताच त्यांनी सांगितलं. नोकरीची शेवटची अकरा वर्षं ते छोट्या लाइनीच्या अगदी टोकाच्या स्टेशनावर होते. त्यांच्या स्टेशनापुढे अडसर आणि अडसरापुढे जंगल. लाइन पुढे जाणार म्हणून मोजणी झाली होती, चुना फासलेले दगड डोंगरापर्यंत रोवले होते. दर बाजाराच्या दिवशी पलीकडच्या गावांची माणसं येत आणि विचारत, गाडी कधी पुढे येईल. त्यांत एक म्हातारी होती. तिची मुलगी डोंगरापलीकडे दिली होती, बैलगाडीने दीड दिवसाची वाट. म्हातारीला बैलगाडीत बसवत नसे.

"ते दर बाजारी येये," मास्तर म्हणाले. "'मास्तर, पुढली गाडी कधी?' मी सांगो, 'माय, पुढल्या साली.' मी खोटं नव्हतो बोलत, बाई. मले वरून तसंच सांगत होते. नऊ वर्षं मी तिले पुढल्या साली म्हटलं. दहाव्या वर्षी ते आलीच नाई."

"आणि लाइन?"

"लाइन नाई झाली. ते दगड लोकायनं चुलीले नेले. मी अर्ज लिहीत गेलो, लिहीत गेलो, अन् रिटायर झालो." त्यांनी चिमणी डोळ्यांजवळ नेऊन बघितली. "अडसर मी अकरा वर्षं पाहिला. आता नाई लावत."

त्यानंतर मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

घर संपलं तेव्हा मास्तर अंगणात उतरले. खांब रोवून लाइन मागच्या कुंपणभिंतीपर्यंत नेली. आणि भिंतीपलीकडे राहत होते रेंजरसाहेब.

रेंजरसाहेब जंगलखात्यातून निवृत्त झालेले, जाड मिशांचे, एकटे. त्यांचं आणि मास्तरांचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. कारण मुनगा, म्हणजे शेवग्याचं झाड. मास्तरांच्या अंगणातल्या मुनग्याच्या फांद्या पलीकडे झुकत, पानं पडत. रेंजरांनी भिंत वाढवताना त्या न विचारता छाटून टाकल्या. मास्तर म्हणाले, "जंगलखात्यात जन्म गेला अन् एक मुनगा पाहवला नाई?" रेंजरांनी ते ऐकलं. त्यानंतर नऊ वर्षं दोघांनी एकमेकांची सावलीसुद्धा ओळखली नाही.

असे मास्तर एका सकाळी कोट घालून त्यांच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. काय घडतंय ते बघायला काकू, आई आणि मी तिघी भिंतीला कान लावून.

"भिंतीत भोक पाडाची परवानगी पाहिजे," मास्तर म्हणाले.

"काहून?"

"लाइन तुमच्याकडे आणाची आहे."

"माझ्याकडे काय आहे म्हणून लाइन आणता?"

"काहीच नाई. पुढे आहे म्हणून."

रेंजर म्हणाले, "भिंतीले हात लावला तं पोलिसात जाईन." आणि दार लावून घेतलं.

मास्तर परत आले, कोट काढून खुंटीला लावला आणि जेवायला बसले. काकू मनातून खूश होत्या. त्यांना वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवसापासून दोन्ही वेळची गाडी अंगणातून भिंतीपर्यंत जायला लागली. भिंतीला टेकायला चार बोटं उरली की थांबायची आणि उलटी परत यायची. रोज. पावसाळ्यात मास्तर छत्री धरून तिच्याबरोबर चालत. मी विचारलं, "तिथे कोण उतरतं?" म्हणाले, "कोणी नाई. पण गाडी येते हे त्यायले माहीत असलं पाहिजे." सव्वा वर्ष हे चाललं. भिंतीपलीकडून कधी हूं की चूं आलं नाही.

त्याच दिवसांत त्यांचे डोळे जात चालले होते. आम्हा कोणाला ते कळलं नाही, कारण ते हातांनी काम करत. दोन रूळ जोडताना मधली फट ते नखाने मोजत, रूळ सरळ आहे का ते ओठांना लावून बघत. पण एका सकाळी ते कोट घालून टोले द्यायला उभे राहिले आणि शेजारच्या खुंटीवरच्या काकूंच्या छत्रीवर हातोडी मारू लागले. काकू धावत आल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता.

रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना ठेवलं. त्या काळी मोतीबिंदू काढला की दिवसेंदिवस उताणं पडून राहावं लागे, डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही. ज्या माणसाने वीस मिनिटं स्वस्थ बसून कधी काढली नाहीत, तो तिथे लाकडासारखा पडला होता. काकू डबा घेऊन गेल्या की पहिला प्रश्न, "सात-दहाची निघाली का?"

पहिल्या दिवशी काकू म्हणाल्या, "निघाली." ते खोटं होतं. परत आल्यावर त्या स्वयंपाकघरात बराच वेळ उगाच भांडी हलवत बसल्या. मग आमच्याकडे येऊन आईला म्हणाल्या, "ताई, त्या माणसाशी मी जन्मभर भांडली. पण खोटं कधी बोलली नाई. आज बोलली. ते चावी कशी देतात, दाखवा जरा."

आणि दुसऱ्या दिवसापासून काकूंनी गाडी चालवली. त्यांच्या पद्धतीने. कोट नाही, टोले नाहीत. गाडी सोडताना "जा वं माय" म्हणत. रिकामे डबे जाताना बघून त्यांना चैन पडेना. त्यांनी त्यात सुपारी भरली, मग वाटीभर जवसाची चटणी. आई उलट गाडीने भाजलेले शेंगदाणे पाठवी. दोघी एकमेकींपासून तीन खोल्यांवर राहत होत्या आणि दिवसातून वीसदा भेटत होत्या, तरी ती चटणी गाडीने यायचीच गंमत त्यांना वाटे.

एक दिवस मात्र गाडी चुकली. काकू पहाटेच दवाखान्यात गेल्या होत्या, आईला ताप होता, आणि मी पेपर तपासण्यात बुडाले होते. साडेसात झाले असतील. अंगणातून खाकरण्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर भिंतीवरून रेंजरसाहेबांचं डोकं. मिशांना अर्धा साबण लागलेला, एक गाल दाढी केलेला, एक तसाच.

"सात-दहाची आली नाई," ते म्हणाले.

मी गडबडले. "मास्तर दवाखान्यात आहेत, रेंजरसाहेब. त्यांच्या डोळ्यांचं..."

"ते मले माहीत आहे. मी मास्तरचं नाई विचारून राहिलो. मी गाडीचं विचारून राहिलो." मग त्यांचं त्यांनाच काहीतरी वाटलं असावं. हातातल्या वस्तऱ्याकडे बघत म्हणाले, "ते भिंतीपाशी येऊन थांबते ना, तेव्हा मी दाढीले बसत असतो. सव्वा वर्ष झालं. आज बसलो अन् गाडीच नाई."

मी धावत जाऊन गाडी सोडली. खोल्याखोल्यांतून तिच्यामागे पळत चावी देत गेले. आठला दहा कमी असताना ती भिंतीपाशी पोचली. रेंजरांनी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. "चाळीस मिनिटं लेट," ते म्हणाले, आणि डोकं खाली गेलं.

ही हकीकत मी दवाखान्यात जाऊन मास्तरांना सांगितली. ते हसले नाहीत. डोळ्यांवर पट्ट्या होत्या, त्यामुळे चेहऱ्यावरून काही कळेना. फक्त चादरीवरची त्यांची बोटं हलायला लागली. अंगठा आणि तर्जनी. काहीतरी मोजत होती.

जाड भिंगांचा चष्मा लावून मास्तर घरी आले, आणि डॉक्टरांनी चालायची परवानगी दिली त्या दिवशी पुन्हा रेंजरांच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. आम्ही पुन्हा भिंतीला कान लावले.

"भिंतीले भोक नाई," रेंजर आधीच म्हणाले. "एकदा सांगितलं ते सांगितलं."

"भोक नाई मागत. भिंतीवरून येतो."

"वरून?"

"वरून. भिंतीले बोट लागणार नाई."

रेंजरांनी फाटकाची कडी वाजवली. मग म्हणाले, "वर तं आकाश आहे. आकाश काही माझ्या नावावर नाई."

मास्तरांना एवढं पुरे होतं. पण गाडीला भिंतीवरून न्यायचं म्हणजे चढ हवा. चार वीत उंची गाठायची, आणि त्या कमानीच्या इंजिनाला उभा चढ झेपणारा नाही. मास्तर आठ दिवस अंगणात फिरले आणि मग मुनग्याकडे बघून थांबले. झाडाभोवती खांबांचं कडं रोवायचं आणि त्यावरून लाइन गोल गोल चढवत न्यायची. एका वेढ्याला एक वीत. चार वेढे. मध्ये दोन ठिकाणी चावी. डबे हलके करायला त्यांनी सगळ्या डब्यांचे तळ काढून बांबूच्या कामट्यांचे बसवले. गाठींच्या पट्ट्या कमी पडल्या, तर इतवारीतून जुन्या शोधून आणल्या. हिवाळा सगळा त्यात गेला. काकू म्हणत, "डोळे नवीन आणले, तेही याच्यातच घालवणार." म्हणत आणि खांब धरायला उभ्या राहत.

एप्रिलच्या अखेरीस गाडी पहिल्यांदा चढवली. तिसऱ्या वेढ्यावर इंजिन उलटलं आणि पाठोपाठ सगळे डबे खडाखडा खाली. मास्तरांनी रुळांवर हात फिरवला आणि चटका बसून मागे घेतला. नागपूरचं ऊन. लोखंड तापून पसरलं होतं, जोडांत फट कमी पडली म्हणून रूळ बाहेरच्या अंगाला फुगले होते. आयुष्यभर रुळांशेजारी काढलेल्या माणसाची ही चूक. हे जोड त्यांनी ऑपरेशननंतर लगेच, नवीन चष्म्याच्या भरवशावर केले होते.

"बोटायवर सोडून डोळ्यायवर गेलो," ते म्हणाले. एवढंच. मला वाटलं, आता तरी पावसाळ्यापर्यंत थांबतील. दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पहिल्या वेढ्यापासून एकेक जोड उकलायला घेतला. डोक्याला ओला दुपट्टा बांधून, सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. एकेक फट नखाने मोजून. सगळे चार वेढे. मे महिना संपत आला तेव्हा काम झालं.

त्या दिवशी पाच-चाळीसची गाडी निघाली तेव्हा काकू मुख्य स्टेशनावर, आई पिंपळखुट्यावर, आणि मी मुनग्याखाली पहिल्या चावीवर होते. मास्तर कोट घालून वरच्या चावीपाशी, स्टुलावर उभे. अंगणात अजून फुफाटा होता. गाडी अंगणात आली, मी चावी दिली, ती चढायला लागली. पहिला वेढा. दुसरा. तिसऱ्या वेढ्यावर तिचा वेग इतका कमी झाला की आतल्या चाकाचा एकेक दात सुटताना ऐकू येत होता. काकू मागून येऊन उभ्या राहिल्या होत्या. "चाल वं माय, चाल," त्या पुटपुटत होत्या. वर मास्तरांच्या हाताला इंजिन लागलं. त्यांनी चावी भरली आणि सोडून दिलं. गाडी चौथा वेढा पार करून फळीच्या पुलावर गेली, भिंतीच्या माथ्यावरून चार बोटं अंतर राखून पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली.

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग पलीकडून रेंजरांचा आवाज, "आली!"

आम्ही सगळे फाटकातून धावत त्यांच्याकडे गेलो. दहा-अकरा वर्षांत त्या घरात आमच्याकडचं पहिल्यांदा कोणी जात होतं. रेंजरांनी व्हरांड्यात स्वतःच्या हाताने सागवानी फळी बसवून ठेवली होती, रंधा मारून गुळगुळीत केलेली, कोणाला न सांगता. तिच्यावर गाडी उभी होती. मास्तरांनी फळीची कड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली आणि मान हलवली.

"चांगलं लाकूड आहे गा," ते म्हणाले.

रेंजरांनी चहा केला. बिनदुधाचा, फार गोड. डब्यातली जवसाची चटणी काकूंनी त्यांच्या बशीत वाढली, तीही त्यांनी चहाबरोबरच खाल्ली. मुनग्याचं नाव कोणी काढलं नाही. काकू आणि आई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. मास्तर मात्र बसेनात. कप हातात घेऊन ते व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला गेले, डोळ्यांवर हात धरून रेंजरांच्या अंगणापलीकडे बघत राहिले. तिकडे दुसरी भिंत होती आणि भिंतीमागे एक मोठं, बंद खिडक्यांचं घर.

"तिकडे कोण राहते?" त्यांनी विचारलं.

काकूंनी कपाळावर हात मारला.

रेंजरांनी मिशा पुसल्या, कप खाली ठेवला आणि मास्तरांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "एक वकील आहे," ते म्हणाले. "मोठा तिरसट माणूस. कोणाचं ऐकत नाई. तुम्ही नका जाऊ, मास्तर. मी बोलतो त्याच्याशी."